शकुनबाईंच्या जेवणाचा त्रास

पातूरच्या शकुनबाई शंभर पानांच्या पंगतीचे, गोवऱ्यांवर भाजायचे रोडगे एकहाती उठवायच्या. सुपारीचं खांडसुद्धा त्यांनी कधी तोंडात टाकलं नव्हतं.

२००७ साली मानेला गाठ आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला. तंबाखूचा नव्हे, विषाणूमुळे झालेला, आणि बरा होण्यासारखा. सोबत खाल्ल्या-बसल्यानं तो कुणाला लागत नाही, हेही बजावलं. गावानं त्यातला 'विषाणू' तेवढा उचलला. दीर शालिकराम गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबून म्हणाला, "वहिनी लपूनछपून खात असन. त्याबिगर होते काय?" आणि भिंतीवर पिंक टाकली.

किरणांचे पस्तीस शेक झाले. गाठ गेली, तोंडातलं पाणीही गेलं. पोळी घशात अडायची, वरण मातीसारखं लागायचं.

सहा महिन्यांनी तपासणीला गेल्या, तर कडक इस्त्रीच्या साडीतली एक बाई प्रश्नांचा कागद घेऊन बसलेली. त्या वर्षांत वऱ्हाडात असे कागद उदंड झाले होते. कापूस पिकवणाऱ्यालाही कुणीतरी 'निराश वाटतं का' विचारायचं, खूण करायचं आणि जीपमध्ये बसून निघून जायचं.

"गेल्या आठवड्यात चारचौघांत जेवताना कितपत त्रास झाला? अजिबात नाही, थोडा, बराच, खूप?"

"मले जेवाले बलावते कोन? रोग लागन म्हन्तात."

"म्हणजे जेवलाच नाहीत. मग 'अजिबात नाही'." बाईंनी खूण केली.

शकुनबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी पेन ओढून ती खूण खोडली आणि 'खूप'वर अशी केली की कागद फाटला. "वाचनाऱ्याले सांगा, बाई जित्ती आहे. बरी नाही."

वैशाखात शालिकरामच्या मुलीचं लग्न निघालं. स्वयंपाक परगावच्या आचाऱ्याला, आणि शकुनबाईंना निरोप, 'डबा घरीच पाठवतो.' त्या पाण्याची बाटली घेऊन सरळ पंगतीच्या मधोमध बसल्या. रोडगा वरणात कालवायचा, घास, घोट, पुन्हा घास. बाकीच्यांची पानं रिकामी झाली, हात वाळले. पण कुणी जेवत असताना उठायचं कसं?

"वहिनी, दुसरी पंगत खोयंबली ना!"

"मंग? डाक्तरच म्हन्ते हळू जेवा. अन् शालिकरामभाऊ, वरन बुडाले लागलं हाय तुमचं. चव नाही कळत मले, वास कळते."

शेजारच्या केशरबाईंना हसू आवरेना. पंगत पाऊण तास बसून राहिली.

पुढं केशरबाईंनी आपल्या नातवाच्या बारशाचे रोडगे शकुनबाईंनाच सांगितले. मिठाचा अंदाज तेवढा शकुनबाईंना स्वतःच्या सुनेकडून घ्यावा लागला, आणि त्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटलं.