शैलाच्या घराच्या काळ्या विटा: इगतपुरीतले चार दिवस

इगतपुरीला लोक धुकं आणि धबधबे बघायला जातात. २००६ सालच्या दिवाळीनंतर मी गेले ती एक भिंत घासायला. पिशवीत दोन नायलॉनचे ब्रश, रबरी हातमोजे, जुने पंचे आणि सहा लिंबं होती. नाशिकमध्ये कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे डागांची मला भीती वाटत नाही.

शैला माझी शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यापासून ती सासऱ्यांनी रेल्वेच्या नोकरीत असताना घेतलेल्या विटांच्या घरात एकटीच राहते आणि तिथल्याच शाळेत शिकवते. घर तिचं आणि तिच्या दिराचं, प्रकाशचं, असं दोघांच्या नावावर. प्रकाश ठाण्याला. पावसाळ्यानंतर येऊन त्याने पश्चिमेची भिंत पाहिली आणि हे घर आता संपलं, विकून टाकू, वहिनी तुम्ही आमच्याकडे या, असं सांगून गेला. जाताना ॲसिडचे दोन कॅन ठेवून गेला. घासून निघालं तर बघू, नाहीतर येत्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो, म्हणाला. शैलाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, पण आवाज अगदी बारीक झाला होता. मी कॉलेजात रजा टाकली.

गुरुवारी सकाळी महामार्ग स्टँडवरून एसटी पकडली. जाणाऱ्यांनी डावीकडची खिडकी धरावी, घोटीच्या पुढे डोंगर त्याच बाजूला जवळ येतात. तेव्हा चौपदरीकरणाचं काम चालू होतं, त्यामुळे वाडीवऱ्हेपर्यंत धूळच धूळ. घोटीत उतरून वडा-चहा घेतला आणि हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा पाइप आणि पत्र्याच्या पट्ट्या घेतल्या. कशाला ते मला माहीत होतं. शैलाने फोनवर सांगितलं होतं की डाग वरून खाली त्रिकोणी उतरलाय. असा डाग विटेचा नसतो, वरून येणाऱ्या पाण्याचा असतो. घोटीहून इगतपुरीला जीप मिळते. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती.

भिंत वाईटच दिसत होती. वर काळं शेवाळ, खिडकीखाली पांढरा लोणा, म्हणजे विटेतून बाहेर आलेलं मीठ, गजाखाली गंजाचा ओघळ. मी शिडी मागितली. छपराच्या कोपऱ्यात पन्हळ सडून तिला हाताएवढं भोक पडलं होतं. इगतपुरीचा सगळा पाऊस त्या एका कोपऱ्यातून भिंतीवर येत होता, बहुधा कित्येक वर्षं.

शैला ॲसिडचा कॅन उघडायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. दोन विटांमधल्या सांध्यातला थोडा चुना खरवडून बशीत घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. बशीत फसफसून बुडबुडे आले.

"लिंबाने हे होतं," मी म्हटलं. "ॲसिडने तुझ्या घराचे सांधे विरघळतील."

तिने कॅन उचलून मागच्या पडवीत ठेवले.

शुक्रवारी पन्हळ आधी दुरुस्त केली. हा क्रम कुणी उलटा करू नये. पाणी थांबल्याशिवाय भिंत धुणं म्हणजे नुसती कसरत. मदतीला हिराबाई आली, जवळच्या पाड्यावरची, शैलाच्या ओळखीची. लोणा आधी कोरडाच झाडला आणि सुपात गोळा करून लांब टाकला, पाण्याबरोबर तो परत विटेत जाऊ नये म्हणून. मग भिंत खालून वर भिजवली, बांबूच्या चिपेने शेवाळ सोडवलं, ब्रशने घासलं, वरून खाली धुतलं. तारेचा ब्रश मुळीच नको, विटेची भाजलेली कातडी निघते. संध्याकाळी खालून विटांचा तांबडा रंग दिसायला लागला. हिराबाईने नागलीची भाकरी आणि भुईमुगाची चटणी आणली होती. आम्ही तिघी अंगणातच बसून जेवलो.

शनिवारी सकाळी शैलाने मला हलवून उठवलं. आख्खी भिंत पांढरी पडली होती, पीठ उधळल्यासारखी.

"पुन्हा आलं ना बाई. लय हट्टी हे," हिराबाई म्हणाली.

शैला पायरीवर बसली. भाऊजींचंच खरं म्हणायची वेळ आली, असं म्हणून तिने ब्रश बाजूला ठेवला. मी तिच्याशेजारी बसले. सांगितलं की भिंत वाळतेय म्हणून आतलं मीठ बाहेर येतंय. हे यायलाच हवं. दर वेळी झाडायचं, दर वेळी कमी येईल. तिला पटलं की नाही कळलं नाही, पण थोड्या वेळाने ती उठली आणि झाडू लागली.

रविवारी प्रकाश एकटाच आला. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. भिंतीवर पांढरी साय होतीच. "मी म्हटलं होतं ना वहिनी," एवढंच तो म्हणाला.

मी त्याला माझ्याकडचं जाड नाणं दिलं आणि वीट वाजवून बघायला सांगितलं, खणखणीत वाजली तर शाबूत, बद्द वाजली तर आतून गेलेली. त्याने अनिच्छेनेच एक वाजवली. खणखणीत आवाज आला. दुसरी, तिसरी. मग तो भिंतीच्या कडेकडेने वाजवत चालला, वाकून, चवड्यांवर उभा राहून. पन्हळीखाली दोन विटा बद्द वाजल्या. त्याने त्या पुन्हा पुन्हा वाजवल्या.

"वैजयंतीताई, फक्त या दोनच?"

"दोनच. त्या बदलता येतील, चुन्यातच बसवायच्या, सिमेंटमध्ये नाही."

आता शैला म्हणाली, "भाऊजी, मला ठाण्याला यायचं नाही. भिंत काळी होती म्हणून मला ते बोलता येत नव्हतं."

प्रकाशने नाणं मला परत दिलं. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, फाटकाशी जाऊन बोलला आणि परत आला. "एक पावसाळा बघू," म्हणाला. शैलाने त्याला चहा दिला.

मी संध्याकाळच्या गाडीने नाशिक रोडला उतरले. नखांत विटेची तांबडी माती होती, खांदे आठवडाभर दुखले. कुणाला असं काम करायचं असेल तर दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडा, आधी कोपऱ्यातली एक वीट धुऊन बघा, आणि दुसऱ्या दिवशी भिंत पांढरी पडली तर घाबरू नका. खर्च एका बऱ्या साडीएवढा.

आता तो पावसाळा होऊन गेलाय. जूनच्या आधी प्रकाश स्वतः येऊन पन्हळीतला पाला काढून गेला, त्या दोन विटाही त्याने बदलून घेतल्या. मला मात्र श्रावणभर इकडे नाशिकला सर आली की इगतपुरीत किती कोसळत असेल याचाच हिशेब मनात चालायचा. इतक्या ठामपणे बोललेलं खोटं ठरलं तर शैलाला तोंड कसं दाखवायचं? मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"वैजू, आत्ताच भिंतीला हात लावून आले," ती म्हणाली. "कोरडी आहे."