अक्कानी कढई

माझी थोरली बहीण रोज सकाळी साडेसातला कढईत बसते. हे वाक्य मी धुळ्यात ज्याला ज्याला ऐकवलं त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या हातातल्या चहाकडे. म्हणून नीट सांगतो.

मागच्या पावसाळ्यात चिकनगुनियाने अक्काचे गुडघे धरले. ताप गेला, गुडघे तसेच राहिले. ती राहते चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, शेतातल्या घरात. दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरणारी बाई. तिला उठवायला माणूस लागायला लागला आणि चालायला काठी. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्याने शेकत जा. नाना म्हणजे तिचे यजमान. त्यांना शेक हा प्रकार फारच किरकोळ वाटला असावा. भडगावकडे एक जुनं गुऱ्हाळ बंद झालं होतं. तिथून उसाचा रस आटवायची लोखंडी कढई त्यांनी ट्रॉलीत घालून आणली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, आता हत्तीसाठी भजी तळणार.

निंबाखाली मातीची चूल बांधून नानांनी ती कढई वर बसवली. चढायला दोन पायऱ्या केल्या, आणि बुडाला चटका लागू नये म्हणून आत फळ्यांची जाळी टाकली. खाली पऱ्हाटी पेटवायची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या वाळक्या काड्या. पाणी तापलं की जाळ सगळा ओढून बाहेर काढायचा, नानांनी स्वतः कोपरापर्यंत हात घालून बघायचं, आणि मगच अक्काने उतरायचं. पुण्याचा भाचा फोनवर या कढईला हॉट टब म्हणतो. गावात ती ‘अक्कानी कढई’. सुरुवातीला रस्त्याने जाणारा एकेक जण बांधावर थांबायचा आणि दुसऱ्याला सांगायचा, नाना अक्काले तळी राह्यना, म्हणजे तळतोय. अक्का आतूनच उत्तर द्यायची की पीठ कमी पडलं, तू ये.

थट्टा चालू राहिली आणि महिन्याभरात अक्का काठीशिवाय विहिरीपर्यंत जाऊन आली. त्यानंतर बांधावरचे लोक थट्टा करायच्या ऐवजी स्वतःच्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारू लागले.

आता प्रश्न पाण्याचा. एवढी कढई रोज कोण भरणार? एकदा भरलेलं पाणी आठ-दहा दिवस चालवायचं, तर ते स्वच्छ ठेवायला हवं. नानांचे नियम कडक होते. आधी बाहेर अंघोळ, मग कढई. डोक्याला तेल नाही, अंगाला साबण नाही. बाहेर आल्यावर वर जुन्या मच्छरदाणीचं झाकण. निंबाची पानं आणि राखेचे कण गाळायला चहाच्या गाळणीला त्यांनी हातभर काठी बांधली होती आणि ते रोज त्या पाण्याभोवती प्रदक्षिणा घालत. मी त्यांना विचारलंही, की आरती किती वाजता असते.

पण गाळणीने न निघणारी एक गोष्ट होती. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. ते तापलं की भांड्याला पांढरा थर धरतं. कढईच्या आतून असा खरखरीत थर चढला आणि त्या थरात शेवाळ मुक्काम करून राहिलं. अक्काच्या पाठीला त्याने खरचटू लागलं. नानांनी आयुष्यभर जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या बसवल्या आणि दुरुस्त केल्या. क्षाराने नळ्या तुंबल्या की काय करायचं हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील: ॲसिड सोडायचं, नळ्या मोकळ्या. त्यांनी मला धुळ्याला फोन केला. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मी मोठ्या थाटात त्यांना अख्खी अभिक्रिया समजावून सांगितली, बुडबुडे का येतात तेही सांगितलं. दोन माणसांचं ज्ञान असं एकत्र आलं की ती कढई वाचणं शक्यच नव्हतं.

ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या असतात आणि कढई लोखंडाची, एवढीच गोष्ट आम्हा दोघांच्या लक्षात आली नाही.

होळीनंतरच्या शनिवारी मी तिथे पोहोचलो तेव्हा कढई नव्या रुपयासारखी चकाकत होती. नानांनी ॲसिडने थर उतरवून, चार वेळा धुऊन, ताजं पाणी भरलं होतं. रविवारी सकाळी मच्छरदाणी बाजूला केली तर आत पाणी नव्हतंच, गेरू कालवून ठेवला होता. अंगावरचा थर गेल्यावर उघडं पडलेलं लोखंड गंजायला लागलं होतं. अक्काने एक पाय घातला आणि बाहेर काढला, तो घोट्यापर्यंत लाल. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, काठी द्या.

ते पाणी सोडून दुसरं भरावं, तर विहीर आटली होती आणि बोअर अर्ध्या तासात हवा ओकत होता. केळी निसवली होती, घड बाहेर पडत होते. तिच्या तोंडचं पाणी काढून कढईत घालावं असं अक्का स्वतःच म्हणू देत नव्हती. केळीतून पाणी वाचायला अजून तीन आठवडे तरी लागणार होते. पहिल्या दिवशी ती घरात काठीने फिरली. दुसऱ्या दिवशी ओट्यापर्यंतच आली. तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठताना तिने माझा दंड असा धरला की बोटं उमटली. मी सोमवारपासून रजेवर होतो, अपराध्यासारखा. नाना त्या लाल पाण्यात तुरटी फिरवत होते आणि तुरटीने उघडं लोखंड आणखी गंजून ते पाणी अधिकच लाल दिसत होतं.

संध्याकाळी अक्का ओट्यावर बसून कढईकडे बघत म्हणाली, “लोखंडनी कढईले कोनी चिंच लावस का? तांब्याले लावतस.”

नाना म्हणाले, चिंच कुठे लावली, ॲसिड लावलं.

“आंबटच ना ते. माले इचारतास ते सांगती ना.”

भज्यांच्या कढईला आंबट लावायचं नाही, धुऊन कोरडी करायची, तेलाचा हात फिरवून ठेवायची. हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. फक्त कढई आठ फुटांची झाली की ती पुरुषांच्या खात्यात जाते असं आम्ही धरून चाललो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी पाड्यावरची मावशी कामाला आली. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर तिचं घर. वर्षानुवर्षं अक्काच्या शेतात निंदायला येते. तिने कढईत डोकावून पाहिलं आणि हसली. पावसाळ्यात त्यांच्या नाल्याला असंच पाणी येतं, म्हणाली, आणि तेच ते पितात. मग पदराच्या गाठीतून तिने चपट्या गोल बिया काढल्या, बटणाएवढ्या. “निवळी,” ती म्हणाली.

मी मास्तर माणूस, जन्मभर ‘निवळणं’ हे क्रियापद वापरत आलो. आभाळ निवळतं, भांडण निवळतं. ते ज्याच्या नावावर आहे असं एक झाड डोंगरात उभं आहे, त्याला बी येते आणि ती बी माझ्या तळहातावर ठेवता येते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी ती हातात घेतली तेव्हा मला काहीतरी बोलावंसं वाटलं आणि सुचेना. माझ्या बाबतीत असं फार वेळा होत नाही.

मावशीने एक बी दगडावर पाणी घालून उगाळली. काचेच्या ग्लासात कढईतलं लाल पाणी घेतलं, त्यात ते पांढुरकं गंध बोटाने ढवळलं आणि ग्लास ओट्यावर ठेवून निंदायला निघून गेली. आम्ही तिघे त्या ग्लासापुढे बसलो. आधी काहीच होईना. मग लाल पाण्यात बारीक कापसासारखे पुंजके दिसू लागले. ते एकमेकांना चिकटत गेले, जड झाले, आणि सावकाश खाली निघाले, कुणी हाक मारल्यासारखे. वरून पाणी मोकळं होत गेलं, बोटभर, दोन बोटं. ग्लासापलीकडे अक्काच्या साडीची किनार दिसू लागली. नानांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

त्यानंतर सगळी सूत्रं अक्काने हातात घेतली. खाटेवर बसून तिने आम्हाला राबवलं. कढईतलं पाणी बादल्यांनी पिंपांत भरलं. दुपारी मावशीने प्रत्येक पिंपात निवळी उगाळून घातली, लांब काठीने ढवळलं आणि सांगितलं की आता कोणी हात लावायचा नाही. रिकामी कढई आम्ही विटेच्या भुकटीने घासली, पुसून कोरडी केली, खाली मंद पऱ्हाटी लावली आणि जवसाचं तेल फडक्याने चोळलं. धूर सुटला की थांबायचं, गार झाली की पुन्हा चोळायचं. अक्का तिथूनच विचारायची, काळी झाली का? आम्ही म्हणायचो, झाली. ती म्हणायची, नाही झाली. संध्याकाळपर्यंत ती म्हशीच्या पाठीसारखी काळी, तुकतुकीत झाली. आम्ही दोघेही साधारण तशाच रंगाचे झालो होतो.

सकाळी पिंपांवरचं झाकण काढलं. लाल गाळ तळाशी बसला होता आणि वर पाणी असं होतं की ते आहे हे कळायला बोट बुडवावं लागलं. गाळ न हलवता ते आम्ही तांब्यातांब्याने कढईत ओतलं, देवाला घालावं तसं. काळ्या कढईत निंबाची फांदी दिसत होती, फांदीवरचा पोपटही. नानांनी गाळणी उचलली, पाण्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. काढायला काही नव्हतंच.

अक्का त्या दिवशी अर्धा तास बसली. पाण्याचा रंग बदलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रोज ती गुडघे थोडे अधिक वाकवत होती आणि मी लांबून मोजत होतो.

सातव्या दिवशी मी निघायचं ठरवलं होतं. मावशीने पाटीभर निवळी आणली, साल काढून साठवायला. अक्का कढईतून बाहेर आली, केस झटकले आणि मावशीच्या शेजारी जमिनीवर उकिडवी बसली. मावशी बिया चोळत होती, ही पाखडत होती. दोघींचं डोंगरातल्या कुठल्याशा लग्नाबद्दल बोलणं चाललं होतं. मध्येच सूप हातात घेऊन अक्का उठली आणि टरफलं टाकायला उकिरड्याकडे गेली. मी आणि नाना तिथेच, दोन पावलांवर उभे होतो. तिला हात द्यायचा असतो हे आम्हाला ती परत आल्यावर आठवलं.