शिक्षा आणि शिक्षण

झाशीत सिविल लाइंसमध्ये एका बाईंकडे हळदीकुंकवाला गेले होते. त्यांचे यजमान इंजिनिअर, नुकतेच पुण्याहून बदलून आलेले. "तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "मुलींना केमिस्ट्रीची शिक्षा देते."

त्या खळखळून हसल्या. "अहो, शिक्षा नाही, शिक्षण! केवढी भेसळ झालीय तुमच्या मराठीत. ही कसली मराठी माणसं!"

माझं डोकंच फिरलं. आमचं घराणं मूळ झाशीजवळच्या गुरसरायचं. कित्येक पिढ्या हिंदी आणि बुंदेलीच्या गराड्यात राहून घरात मराठी बोलत आलेलं. शब्द हिंदीतला आला, कबूल. पण मी कोण, हे या ठरवणार?

हातातली डिश खाली ठेवली आणि वर्गात बोलते तशीच बोलले. "कार्बनला कार्बन ठरवतात ते अणूतले सहा प्रोटॉन. कार्बन-बारा आणि कार्बन-तेरा, दोघांतही ते तेवढेच. कार्बन-बारामध्ये न्यूट्रॉन सहा असतात, कार्बन-तेरामध्ये सात, म्हणून तेरा जरा जड. पण जाळलात तर दोघांचाही कार्बन डायऑक्साइडच होतो आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यात दोघांची जागा एकच. त्यांना समस्थानिक म्हणतात. हिंदीतही हाच शब्द आहे, चालेल ना? बाराने तेराला भेसळ म्हणायचं नसतं. माझ्यात झाशीचा एक न्यूट्रॉन जास्त आहे आणि तो मी काढणार नाही."

मी डिश पुन्हा उचलली.

"हे झालं शिक्षण," मी म्हटलं. "शिक्षा हवी असेल तर पुन्हा एकदा हसून दाखवा."