सरपंचाला आरसा दाखवायला नेला तेव्हा

आजवर माझ्या साप्ताहिकात गावाच्या फजित्या मी छापल्या. आज माझी ऐका. पण कपातला चहा आधी संपवा, हसताना सांडतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात सुनेनं माझ्या नातीला, चार वर्षांच्या गुड्डीला, अंगणवाडीत घातलं. बरेच दिवस झाले, पोरीला 'अ' काढता येईना. विचारलं तर म्हणे, "आम्ही खेळतो."

खेळायलाच जायचं, तर घरचं अंगण काय वाईट होतं?

"मामाजी, या वयात खेळ हाच अभ्यास राहते," सून म्हणाली. "खेळता खेळता लेकरू सारं पाहून राहते."

"पाहतोच मी पण. तिला काढतो तिथून, गोंदियाच्या इंग्रजी शाळेत घालतो, आणि हा तमाशा छापतो."

कॅमेरा घेऊन अंगणवाडीच्या खिडकीशी उभा राहिलो. आत गुड्डी विटेवर बसलेली. कानाला चप्पल लावून गरजत होती, "मले ओळखत नाही का? चहा कुठं हाय? पाहून घेतो एकेकाले!" बाकीची पोरं पळसाच्या पानावर मातीचा चहा घेऊन धावत होती. अंगणवाडीच्या ताई कोपऱ्यात बसून हसत होत्या.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढा माजोरा माणूस गावात एकच, सरपंच. आमचं जुनं वाकडं. त्याची अरेरावी दुधाच्या दातांनाही कळते, याहून मोठी बातमी कोणती, सांगा?

तडक पानठेल्यावर गेलो. "चला सरपंच, तुम्हाला आरसा दाखवतो."

"काऊन जी, काय झालं?"

"चला तर." ठेल्यावरचे चार रिकामटेकडेही मागे आले. म्हटलं येऊ द्या, साक्षीदार हवेतच.

सरपंच गुड्डीसमोर उकिडवा बसला. "बाई, तू कोन होय?"

"मी आबाजी."

मी खिडकीकडे पाहू लागलो. घरात गुड्डी मला आबाजी म्हणते.

"अन् तुमच्या खेळात सरपंच नाही का?"

"हाय ना." तिनं दारामागं दडलेलं एक पोरगं दाखवलं. "मले पाहून लपला."

"बराबर हाय," सरपंच म्हणाला. "मी बी असाच लपतो."

साक्षीदार भिंतीला टेकून हसत होते. माझी धमकी सुनेनं ताईंना सांगितली असावी; त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मग गुड्डीले काढता का आज?"

माझा पारा चढला. "ताई, मला ओळखत नाही का?"

गुड्डीनं चप्पल कानावरून काढली आणि मलाच दटावलं.

"आबाजी, थांबा. आता माही पाळी हाय."