एका वेळी एकच कडी

आमचा सारा रस्ता ज्यांना कुलूपकाका म्हणून ओळखत असे, ते गेल्या हिवाळ्यात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी निवर्तले. हयातभर त्यांनी कुलपे दुरुस्त केली आणि अडलेली दारे उघडून दिली. दुकान एवढेसे की दोन गिऱ्हाइके आत असली तर तिसऱ्याने पायरीवरच थांबावे. कानशीचा कीस ब्रशने गोळा केल्याशिवाय ते दिवा मालवीत नसत. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो ते येणाऱ्याजाणाऱ्यास ऐकवीत: एका वेळी एकच कडी. पुष्कळ कड्यांचे दार अडले तर सगळ्यांना एकदम हात लावू नये. एक सैल करावी, दार ओढून पाहावे, मग दुसरी. नाहीतर दार उघडते, पण दोष कोणत्या कडीत होता ते कळत नाही.

दुकान कायमचे बंद केल्यावर मुलीने त्यांना संगणक घेऊन दिला. त्यावर एकदा त्यांनी गुडघ्याच्या पट्ट्याची चौकशी केली, आणि तो पट्टा हात धुऊन त्यांच्या मागे लागला. बातम्यांत पट्ट्याची जाहिरात, हवामानाच्या पानावर पट्टा.

"अहो, मी विणकाम बघतेय, तर तिथंही तुमचा गुडघा," काकू म्हणाल्या.

बिनबोलावता कोणी खोलीत डोकावावे, हे कुलूपवाल्यास सहन होणे शक्य नव्हते. चौकशी करून त्यांनी ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट अडवणारी सोय बसवली. कोणतेही पान उघडले की त्यासोबत छोटे छोटे प्रोग्राम येतात आणि त्यांतले काही माणसावर पाळत ठेवतात. या सगळ्यांना ती सोय दाराशीच थांबवी. ज्याला आत घ्यायचे त्याच्या नावापुढची कळ आपण दाबायची. पट्टा गेला. त्याबरोबर बहुतेक व्हिडिओही गेले आणि त्यांच्या जागी राखाडी चौकोन उरला. काकूंना विणकामाचा व्हिडिओ पाहायचा असला की काका चष्मा लावून एका नावास परवानगी देत, पान पुन्हा उघडत, मग पुढच्या नावाकडे वळत. तोवर काकूंची भाजी चिरून होई.

"तुमच्याकडे चोर शिरायचा नाही हे खरं, पण घरच्यांनी काय धुराड्यातून यायचं?"

"चौकशी केल्याशिवाय कडी काढायची नसते," काका सांगत.

त्यांची नात लहानपणापासून बोलताना अडखळे. पहिल्या अक्षरावर जीभ अडली की समोरचा माणूस घाईने तिचे वाक्य पुरे करून टाकी. काकांनी ते कधीच केले नाही. हातातले काम तसेच ठेवून ते थांबून राहत. म्हणून ती सुट्टीत दुकानातच बसून असे.

पुढे शिक्षण संपवून ती नोकरीला लागली, आणि तिच्या संस्थेने तिला भरसभेत बोलायला उभे केले. आयुष्यातले पहिले भाषण, तेही इंटरनेटवर थेट दिसणारे. सकाळी तिचा फोन आला.

"आजोबा, ब... बघाल ना? तुमच्यासाठी एक गोष्ट ठेवलीय त्यात."

दोघे वेळेआधीच खुर्च्या ओढून बसले. पान उघडले, समोर राखाडी चौकोन.

"अहो, आज काढा की सगळ्याच कड्या. तेवढ्यापुरत्या."

"थांब गं. कोणती अडतेय ते कळू दे."

त्यांनी एकास आत घेतले. पान नव्याने उघडले, तर त्या एकाने आणखी चार जण सोबत आणलेले. काका त्या चौघांकडे क्रमाने वळले. अखेरीस चित्र आले तेव्हा सभागृहात माणसे उठून कोट चढवीत होती.

इतक्यात नातीचा फोन आला. "माझ्याकडे द्या, मी सांगते काय झालं ते," असे काकू म्हणाल्या. पण काकांनी तो स्वतःच उचलला.

"पाहिलं तर! फार छान. एकदासुद्धा अडखळली नाहीस. पाण्यासारखी बोललीस."

पलीकडून नातीने पुन्हा विचारले.

"आजोबा, तुम्ही प... पाहिलंत ना?"

"हो तर."

"बरं," एवढेच म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच पानावर भाषणाचे चित्रण आले. काकांनी सगळ्या कड्या एकदम काढल्या. भाषणाच्या मध्यावर नात एका शब्दापाशी अडली. मग नात कॅमेऱ्याकडे पाहून हसली.

"माझे आजोबा कुलूपवाले आहेत," ती म्हणाली. "ते सांगतात, किल्ली अडली तर जोर लावायचा नाही. थोडी मागे घ्यायची आणि पुन्हा फिरवायची." तिने श्वास घेतला, तो शब्द उच्चारला, आणि टाळ्या पडल्या.

काकांचे कान लाल झाले होते. ते चष्मा पुसू लागले आणि बराच वेळ पुसतच राहिले.

"आता तिला काय सांगणार?" काकूंनी विचारले.

त्यानंतर नातीचा फोन आला की काका अंघोळीस जात. "दिवसातून तीनदा अंघोळ करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय," काकू एकदा म्हणाल्या. "खोटं बोललात तुम्ही, आणि निस्तरायचं मी?"

तेव्हा काकांनी आपण होऊन फोन लावला. काकू शेजारी बसून होत्या.

"मी भाषण पाहिलं नव्हतं. आमची कडीच वेळेवर निघाली नाही. मी खोटं बोललो."

"माहीत आहे, आजोबा. राहून गेलं त्याचं काही नाही. पण शाबासकी म्हणून तुम्हाला तेच का सुचलं? मी न अ... अडखळणारीच हवी होते का तुम्हाला?"

काकांनी तोंड उघडले. पहिलेच अक्षर ओठांवर अडून राहिले. नातीने त्यांचे वाक्य पुरे केले नाही. ती थांबून राहिली. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला.

पुढे नात येत-जात राहिली, बोलणेही सुरळीत झाले. तो प्रश्न मात्र तिने पुन्हा काढला नाही, आणि काकांनीही नाही. हत्यारांची पेटी तिच्याकडे गेली. संगणक काकूंकडे आहे. त्या भाषणाच्या पानास काकांनी कायमची परवानगी देऊन ठेवली होती, बाकी सगळ्या कड्या अजून लागलेल्या आहेत. काकू सांगतात, अखेरच्या आजारपणात काका ते चित्रण लावीत, नात अडखळते तिथवर पाहत, आणि बंद करीत. उत्तर द्यायचे राहून गेले.