आक्काच्या वाडीवरचा डोंगर

आमच्या गावात पूर शिरला तेव्हा आभाळ निळंशार होतं. हे सांगितलं की आजही समोरच्याला खोटं वाटतं.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी नुकतीच पलूसच्या बाजूला, कृष्णाकाठच्या गावात नांदायला आले होते. श्रावणातलं लख्ख ऊन पडलं होतं. सासूबाईंनी गोधड्या धुऊन कुंपणावर वाळत घातल्या होत्या आणि नदी मात्र सकाळपासून चढत होती. दुपारी पाणी उसात शिरलं, मग गल्लीत आलं. चावडीवरून दवंडी निघाली तेव्हा दवंडीवालाच मांड्यांपर्यंत पाण्यात होता. "नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं हो," असं तो ओरडत होता आणि आम्ही डोक्यावर धान्याची पोती घेऊन त्याच्या शेजारून शाळेच्या टेकाडाकडे चाललो होतो.

त्या वर्षी पूर्वेकडे, आटपाडी-जतच्या अंगाला पाऊसच नव्हता. तिकडचं एक धनगराचं कुटुंब मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी आमच्या नदीकाठच्या मळीच्या रानात उतरलं होतं. त्यांची बरीच मेंढरं वाहून गेली. आणि कोकरं सोडवायला मागं थांबलेली त्यांची म्हातारीही गेली. तिचा मुलगा शाळेच्या ओट्यावर बसून एकच गोष्ट विचारत होता, "आभाळ कोरडं हाय. मग पानी आलं कुठनं?"

पुढं मी शिक्षिका झाले, भूगोल शिकवायला लागले, तेव्हा त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला मुलांना फळ्यावर काढून दाखवता येऊ लागलं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो पश्चिमेकडे सरकतो. त्याच्या ओढीनं अरबी समुद्रावरचं ओलं वारं जोरात आत येतं आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतं, थंड होतं आणि तिथंच रितं होतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या रांगेवर आठवडाभर कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येत नाही, पण त्याचं पाणी येतं. घाटात पाऊस आणि सांगलीत ऊन, घाटात ढग आणि सांगलीत पूर. यात गूढ काहीच नाही. असे पट्टे दर पावसाळ्यात येतात. रेडिओवर बातम्यांच्या शेवटी त्यांची माहितीसुद्धा सांगितली जायची. फक्त ती ऐकून कुणी आमच्या गावाला चार शब्द आधी कळवावेत, एवढं कुणाच्या मनात आलं नाही. पाणी ओसरल्यावर जे साहेब पंचनाम्याला आले, ते म्हणाले, "अचानक आलं हो सगळं." त्या 'अचानक' शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे.

पण हा राग खरा पेटला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाडीवर.

आमचं माहेर साताऱ्याच्या पश्चिम डोंगरातलं. आक्का जवळच्याच एका वाडीत दिली होती. दाजी लष्करात, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. घरात सासू-सासरे आणि आक्काची पाच वर्षांची लेक. ही वाडी मुळात खाली, ओढ्याकाठच्या सपाटीला होती. धरणाचं पाणी चढलं तेव्हा सरकारनं लोकांना उचलून डोंगराच्या उतारावर बसवलं. तात्पुरतं, म्हणाले. आक्का लग्न होऊन गेली तेव्हाही ते तात्पुरतंच होतं. नंतर रस्ता करायचा म्हणून डोंगराच्या पायथ्याचा मुरूम खणून नेला. उभा कडा उघडा पडला.

पुराआधीच्या उन्हाळ्यात मी चार दिवस आक्काकडं राहिले होते. तिचे सासरे मला वाडीच्या वर घेऊन गेले आणि गवतातली भेग दाखवली. माझा हात कोपरापर्यंत आत गेला.

"मामंजी, ही कवापासनं हाय?" मी विचारलं.

"दोन पावसाळं झालं, पोरी. औंदा रुंदावलीय. कचेरीत तीनदा जाऊन आलो. सायेब म्हनला, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतातच. पाऊस पडला की मिटतील."

तो साहेब कधी वाडीवर आला नाही. डोंगर बघायला चढावं लागतं ना! वाडीच्या लोकांनी रस्त्यालगतचं गायरान मागितलं होतं, सपाट आणि मोकळं. तेही मिळालं नाही. ते म्हणे राखीव होतं. कशासाठी राखीव, हे कुणी सांगितलं नाही.

आमचा पूर ओसरत होता, आम्ही घरातला गाळ उपसत होतो, तेव्हा माहेराकडून निरोप आला की आक्काच्या वाडीवर डोंगर आला.

कराडपर्यंत एसटी मिळाली. पुढं रस्ता वाहून गेलेला. मी आणि माझे यजमान चालत निघालो. वळण ओलांडून वाडी दिसायला हवी होती तिथं तांबड्या चिखलाची एक भलीमोठी जीभ दिसली. मुळांसकट उपटलेली झाडं, मधेच एका घराचं आढं, आणि ओल्या मातीचा उग्र वास. लोक कुदळी-फावडी घेऊन खणत होते. काहींनी हातांनीच चालवलं होतं.

आक्का जिवंत होती. सकाळी पाऊस जरा थांबला म्हणून ती म्हशीला गवत कापायला ओढ्यापलीकडं गेली होती. तिनं डोंगर येताना पाहिला. मला ती एवढंच म्हणाली, "आगं, आवाज आदी आला न्हाई. आदी झाडं चालाय लागली."

लेक सापडली. सासूही सापडली, नातीला कुशीत धरलेली. सासरे सापडलेच नाहीत. जो माणूस त्या भेगेपायी तीन वेळा कचेरीच्या पायऱ्या चढला, तो त्याच डोंगराच्या पोटात राहिला. आठवडाभराच्या पावसानं मुरूम पाणी पिऊन फुगला, खालच्या काळ्या खडकावरून पाणी वाहू लागलं, आणि पायथ्याचा आधार तर आधीच रस्त्यात गेला होता. तो डोंगर दुसरं काय करणार होता?

दाजी तारेनं कळून आले. गणवेशातच होते. ते त्या चिखलापुढं ताठ उभे राहिले आणि मग एकदम खाली बसले. त्यांना उठवायला दोघं लागले.

त्यानंतर एके दिवशी मोटारी आल्या. मोठे साहेब, पुढारी, सोबत छायाचित्रकार. आम्ही सगळे जवळच्या देवळात होतो. पुढाऱ्यांनी हात जोडले, आवाज जड केला आणि म्हणाले, "निसर्गाच्या कोपापुढं कुणाचं काय चालतं? शासन तुमच्या पाठीशी आहे."

बायकांना लुगडी वाटायला सुरुवात झाली. आक्काची पाळी आली. तिनं हात पुढं केला नाही.

"घे ताई," साहेब म्हणाले.

आक्का शाळेत फार गेलेली नव्हती. चारचौघांत ती मान खाली घालून बोलायची. त्या दिवशी तिनं मान वर केली.

"सायेब, निसर्गानं आमाला त्या उतारावर न्हाई बशिवलं. तुमी बशिवलं. खालचा मुरूम निसर्गानं न्हाई नेला. माझं मामंजी तुमच्याकडं आलं हुतं, तवा तुमी कुठं हुता?"

साहेबांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं. पुढारी म्हणाले, "ताई दुःखात आहेत," आणि पुढच्या बाईच्या हातात लुगडं दिलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात लुगडी वाटल्याचं छापून आलं.

दुःखात आहेत! मला त्या क्षणी जो संताप आला तो मी अजून गिळलेला नाही. दुःखात असलेल्या माणसाला काही कळत नसतं, असं या लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं.

वाडीच्या उरलेल्या लोकांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. तात्पुरतं. दिवाळी झाली, उन्हाळा आला, पत्रे तापून मुलं आजारी पडायला लागली. मग एका सकाळी आक्का आणि आणखी काही बायका उठल्या, टिकाव घेतले आणि त्या राखीव गायरानात जाऊन पाया खणायला लागल्या. दाजी पुन्हा सुट्टीवर आले होते, तेही गेले. पोलीस आले. फौजदार दाजींना म्हणाला, "तुम्ही फौजी माणूस, कायदा मोडता?" दाजी म्हणाले, "मी हद्दीवर देशाची जमीन राखतो. हितं मला घरापुरती नगं का?" बायका खणलेल्या पायाच्या चरात उतरून बसल्या आणि उठल्या नाहीत. फौजदार बराच वेळ उभा राहिला आणि परत गेला. तो पुन्हा आला, पण तोवर घरं उभी होती.

कित्येक वर्षं ती वस्ती सरकारच्या लेखी अतिक्रमण होती. आक्काला पुढं एक मुलगा झाला, तो त्या अतिक्रमणातच वाढला. जमीन नावावर झाली तेव्हा तो कॉलेजात होता. समारंभ ठेवला होता, मांडव घातला होता, पण आक्का गेली नाही. त्या दिवशी ती भुईमूग काढत होती. मी तिला म्हटलं, "जायाचं हुतं की, आक्का." ती म्हणाली, "कशाला? आपल्याच जागंसाठी टाळ्या वाजवायला?"

मी शाळेतून निवृत्त झाले तरी वर्गात जे सांगायची ते अजून सांगते. कमी दाबाचा पट्टा येतो, वारं फिरतं, घाटात पाऊस कोसळतो, इथवर हवामान. त्याच्या पुढं जे होतं ते माणसांचं काम असतं. एका पावसाळ्यात शेजारच्या तालुक्यातली दरड कोसळलेली टीव्हीवर दाखवत होते. कुणी तरुण अधिकारी सांगत होता की घटना अचानक घडली. मी टीव्ही बंद केला आणि आक्काला फोन लावला. तिनंही बघितलं होतं. आम्ही दोघी बराच वेळ त्या अधिकाऱ्याला शिव्या देत राहिलो, आणि मग ती म्हणाली की तिथल्या लोकांना कुणीतरी जाऊन सांगाय पायजे, पत्र्याच्या शेडात जाऊ नका म्हणून.