पाणकणसातल्या तीन चोची

नाही व बाई, टिपेश्वरले वाघ पाह्याले नाही गेलती मी. माही वटवट ऐकून वाघच पळून जाईन. पाखरू पाह्याले गेलती. चिमणीएवढं, मातकट रंगाचं. पाणकणसात घरटं बांधते, पिलं काढते, हंगाम सरला की जाते निघून. त्याले बी वटवट्याच म्हणतात.

आमचे मालक शाळेत मास्तर. या पाखरावर भारी जीव. गावच्या तलावात एकदाच घरटं सापडलं त्याइले, तीन अंड्याइचं. आठ दिवसात घरटं गायब. सापानं खाल्लं, असं ठरलं. पाखरू पुन्हा आलंच नाही. मास्तर शेवटपर्यंत म्हणत, "एकदा तरी पिलं पाहू न व." ते राहूनच गेलं. म्हून यंदा म्हटलं, त्याइच्या वाटचं आपण पाहून यावं.

पांढरकवड्याहून सकाळची यष्टी धरली. बायाइले अर्धं तिकीट. सोबत नणंद कमल. तिले गाडी लागते, म्हून खिडकी बी तिले अन् लिंबू बी तिले. यवतमाळच्या स्टँडवर तर्री-पोहे हाणले. बाभुळगावहून ऑटो. धरणाच्या पाण्यापर्यंत रस्ता खडीचा, कंबर सांभाळा. उन्हाच्या आधी पोचा.

तिथं नामदेवभाऊ ढिवर डोंगा घेऊन बसले होते. आत नेलं. पाणकणसाच्या एका झुपक्याले लाल चिंधी बांधलेली.

"हे काहून?" मी इचारलं.

"घरटं हाय, बाई. गोठ्याची भिंत झाकाले बाया पाणकणीस कापून नेतात. चिंधी दिसली का पिलं उडेपर्यंत तेवढं सोडतात."

"अन् नाही सोडलं त?"

"घरटं पाह्यल्यावर कोण कापन?"

मी पदर तोंडावर ओढून घेतला.

"भाऊ, डोंगा फिरवा," कमल ओरडली. "वहिनी गप बसल्या, ऊन लागलं त्याइले!"

तेवढ्यात आतून सुरू झालं. करर करर, केक केक! एवढंसं पाखरू अन् भांडण केवढं!

"वहिनी, तुमच्या माहेरचं दिसते."

चार दांड्याइले विणून टांगलेली वाटी. तीन चोची वर, आतून केशरी. माय आली, किडा भरवला, भुर्रकन गेली. माह्या डोळ्याले पाणी. कमलनं पदर देल्ला.

डोंग्याचं भाडं आधी ठरवून घ्या. नामदेवभाऊनं त आमच्यापासून भाकर-ठेचाच घेतला. त्या माणसाचे अन् त्या चिंधीचे उपकार मी इसरणार नाही.

घरी येऊन मास्तराइच्या फोटोपुढं बसली. तीन चोची सांगतल्या, कमलचे टोमणे सांगतले. एक मात्र तिथं बी सांगता आलं नाही.

साप नव्हता. ते पाणकणीस मीच कापलं. घरटं मले दिसलतं.